डॉक्टरला कुणी सांगितलं

सोमवारी संध्याकाळी कोच लिंडनचा फोन आला, तेव्हा ब्रॉन टाली ओट्यापाशी उभी राहून टोस्टला व्हेजिमाइट फासत होती. डोक्याला मार लागलाय, त्यामुळे शनिवारची मॅच तिला खेळता येणार नाही, असं त्याने सांगून टाकलं.

"सकाळी टेस्ट पास झालेय मी!" ब्रॉन ओरडली.

"झालीस गं. पण डॉक म्हणते, सीझनच्या आधीची तुझी टेस्टच खोटी होती. मुद्दाम चुकली होतीस म्हणे."

फोन बंद झाला आणि ब्रॉनच्या डोक्यात एकच प्रश्न उरला. डॉक्टरला सांगितलं कुणी?

शनिवारची मॅच साधीसुधी नव्हती. नऊ सीझन तिने या फुटबॉल क्लबच्या बचावफळीत हाडं झिजवली, तेव्हा कुठे क्लब पहिल्यांदा बाद फेरीत पोचला होता. तिचं वय तेहतीस आणि करार याच वर्षी संपणारा. आता नाही तर कधीच नाही, हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता.

आणि ती खोटी टेस्ट म्हणाल, तर ती लबाडी काही ब्रॉनने शोधलेली नाही. सीझन सुरू होण्याआधी मुलींना कॉम्प्युटरसमोर बसवून त्यांची स्मरणशक्ती मोजतात. पुढे कुणाला डोक्यावर लागलं की पुन्हा तीच टेस्ट, आणि आकडे जुळले तर खेळायला मोकळी. मग जुन्या खेळाडू पहिल्या खेपेलाच वेड पांघरतात. बटण उशिरा दाबायचं, चार शब्द मुद्दाम विसरायचे, म्हणजे पुढे डोकं खरंच बधिर झालं तरी आकडे बरोबर जुळतात. आपल्याच डोक्याला आपणच कमी मार्क द्यायचे, आणि वर स्वतःला हुशार समजायचं!

रविवारच्या मॅचमध्ये शेवटच्या क्वार्टरला उंच चेंडूवर नजर लावून ती मागे मागे जात होती, आणि कुणाचा तरी गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती उठली, डॉक्टरच्या प्रश्नांना धडाधड उत्तरं दिली आणि मॅच पूर्ण केली. नंतर कपडे बदलायच्या खोलीत तिला उलटी झाली. तेव्हा बाहेर बेसिनपाशी किर्बी होती. वीस वर्षांची, राखीव बाकावरची किर्बी. ब्रॉन बसली की तिच्या जागी उभी राहणार कोण, तर हीच.

मंगळवारी जिममध्ये किर्बी तिच्यासाठी कॉफी घेऊन आली.

"ही कसली गं, लाच?" ब्रॉनने विचारलं.

"मी कुणाला काही बोलले नाही हं, ब्रॉन."

"मी विचारलं का?"

पोरगी कानापर्यंत लाल झाली. पण घरी येताना ब्रॉनच्या लक्षात आलं, की किर्बीने उलटी ऐकली असेल, टेस्टची भानगड तिला कशी कळणार? ती ब्रॉनने एकाच माणसाला सांगितली होती. ऑर्लाला.

ऑर्ला आयर्लंडची. फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल, खेळायला मेलबर्नला आली, ती चार वर्षं ब्रॉनच्याच घरात राहत होती. दोघींचा चहा एका किटलीत, शिव्याही सामाईक. आता मात्र ब्रॉनला एकेक गोष्ट आठवायला लागली. सोमवारी दिवसभर ऑर्ला तिच्या खोलीत डोकावत होती. पाणी हवं का, झोप लागली का. एवढी माया कुठून उतू चालली होती? नक्की पाणी मुरत होतं.

"माझ्यावर पहारा ठेवत होतीस ना?" ऑर्ला दारातून आत येते न येते तोच ब्रॉनने तिला धरलं.

"डॉकचा फोन आला होता. लक्ष ठेव म्हणाली."

"म्हणजे बोलणं झालंय तुमचं!"

"तिने सांगितलं, मी ऐकलं. मी चकार शब्द काढला नाही."

"मग टेस्टचं काय तिच्या स्वप्नात आलं?"

"मला काय माहीत! तू मला ओळखतेस ना गं?"

"ओळखत होते," ब्रॉन म्हणाली.

ऑर्ला रडली नाही, भांडलीही नाही. बॅगेत चार कपडे कोंबून निघून गेली, आणि गेली कुठे, तर किर्बीकडे! झालं, ब्रॉनला आणखी पुरावा कशाला हवा? दोघींनी मिळून काटा काढला, अशी तिची पक्की खात्री झाली. त्या खात्रीने तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घर खायला उठलं.

बुधवारी ती क्लबच्या डॉक्टर नासिफकडे गेली, ती भांडायच्या तयारीनेच.

"डॉक, गोल गोल बोलू नकोस. ऑर्लाने सांगितलं ना तुला?"

डॉक्टरने चष्मा काढला. "दार लाव आधी."

"नाव सांग."

"तूच सांगितलंस, ब्रॉन."

ब्रॉन हसली. "चल! मी कशाला सांगीन?"

"रविवारी मॅचनंतर तू इथे आलीस. याच खाटेवर बसलीस. उलटी झाली म्हणालीस, टेस्टमध्ये मुद्दाम चुकले म्हणालीस. आणि म्हणालीस, 'उद्या मी गयावया करीन, तुला शिव्या घालीन, पण मला खेळू देऊ नकोस.' म्हणून तर मी ऑर्लाला फोन केला."

"खोटं. तू तिला वाचवतेयस."

"गेल्या वर्षी पर्थला लागलेलंही सांगितलंस. हॉटेलात दिवे बंद करून पडून होतीस ते."

पर्थचं ब्रॉनने ऑर्लालाही सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. जगात कुणालाच नाही. तिने रविवार पुन्हा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. गुडघा आठवला, बेसिनपाशी उभी असलेली किर्बी आठवली, आणि मग एकदम घरातला सोफा. मध्ये काहीच नव्हतं. तिला भीती वाटली, नऊ वर्षांत कुठल्याच मैदानावर वाटली नव्हती इतकी.

"आठवतंय का?" डॉक्टरने हळूच विचारलं.

"हो" अगदी जिभेवर आलं होतं. डॉक्टरच्या प्रश्नाला "हो" म्हणायची सवयच होती तिला, आणि त्या एका "हो"वर ती आजवर खेळत आली होती.

"नाही," ब्रॉन म्हणाली. शनिवार हातचा गेला, हे तिला कळलं. मग खाली मान घालून तिने विचारलं, "डॉक, आणखी काय काय बोलले मी?"