तिसऱ्या पेटीतला दोष

लाटवाल्याचा फोन सकाळी नऊलाच आला आणि माझं डोकं फिरलं.

"साहेब, महिना होऊन गेला. तीन पेट्यांतली चांगली कोणती, एवढं सांगायला महिना लागतो?"

"घरातलं माणूस गेलंय आमच्या," मी म्हणालो.

तो बिचारा हळूच म्हणाला, "माहीत आहे हो. म्हणूनच इतके दिवस थांबलो. पण पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंग आहे."

"संध्याकाळपर्यंत कळवतो," म्हटलं आणि फोन आपटला. खरं तर त्याच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं. पहिल्या दोन पेट्यांचा निकाल माझ्याकडे केव्हाच तयार होता. तिसरीला हात लावायची हिंमत होत नव्हती.

लाटवाला हे नाव आम्ही घरातच ठेवलेलं. फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटांवरून घसरतात ना लोक, त्यांच्या नादाने निघालेलं एक गिटारचं संगीत आहे, हा तेच वाजवतो. त्यात गिटार अशी ओली वाजली पाहिजे की ऐकणाऱ्याने टॉवेल मागावा. त्याला स्वतःला पोहता येत नाही, पण तो ते मनाला लावून घेत नाही.

हा ओलेपणा येतो स्प्रिंगमधून. पत्र्याच्या लांबट डब्यात दोन-तीन बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. गिटारचा आवाज एका टोकाने आत शिरतो, स्प्रिंगा थरथरतात, दुसऱ्या टोकाला ती थरथर पकडून पुन्हा तिचा आवाज करायचा. बस, एवढंच. याला स्प्रिंग रिव्हर्ब म्हणतात, आम्ही नुसतं पेटी म्हणतो. वीतभर डब्यातून एखाद्या मोठ्या रिकाम्या दालनात वाजवल्यासारखं ऐकू येतं. तारा तळव्याने दाबून पिकने, म्हणजे नखीने, छेडल्या की नळ गळल्यासारखी टपटप येते, आणि लाटवाल्यासारख्यांचा सगळा जीव त्या टपटपीत.

एकच खोड आहे. स्प्रिंगला गिटार कोणती आणि टेबलाला लागलेला धक्का कोणता, यातला फरक कळत नाही. पेटीला टिचकी मारा, गडगडाट होतो. एखादी पेटी तर इतकी नाजूक असते की कुणी शेजारून चाललं तरी ती बोलते. अशा पेटीला आमच्या धंद्यात दोषी म्हणतात.

हा धंदा मी सासऱ्यांकडून शिकलो. म्हणजे ते सासरे नंतर झाले, आधी मास्तर होते. सगळेच त्यांना मास्तर म्हणायचे, मीही शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलो. बायको त्यांची एकुलती एक. आईवेगळी, या कामाच्या बाकाखाली खेळूनच मोठी झालेली, त्यामुळे सोल्डरिंग माझ्यापेक्षा तिचं चांगलं, आणि हे ती चारचौघांत सांगतेसुद्धा. घराची पुढची खोली म्हणजे आमचं वर्कशॉप. मध्ये लाकडी पार्टिशन, त्यापलीकडे मास्तरांची खोली. दोन्हीकडची फळ्यांची जमीन एकच, सलग.

आता महिन्यापूर्वीच्या त्या दिवशीचं सांगतो. बायकोला सांगितलं नाही ते सांगतो.

ती दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. मास्तर जेवून पलीकडे आडवे झाले होते. मी हेडफोन चढवले आणि लाटवाल्याच्या पेट्या लावल्या. माझी पद्धत ठरलेली आहे. गिटारचा मूळ आवाज पूर्ण बंद करायचा, फक्त स्प्रिंगचा ऐकायचा. तारा दाबून एक टपका मारायचा, स्टॉपवॉच सुरू करायचं, शेपटी, म्हणजे मागे रेंगाळणारा आवाज, किती सेकंदांनी विरते ते वहीत लिहायचं. पहिली पेटी गोड, पण शेपूट आखूड. दुसरी लांब, पण पत्रा वाजतो. तिसरी लावली आणि मी खुर्चीतच सरळ झालो. काय आवाज होता! इतकी वर्षं या धंद्यात आहे, असली टपटप ऐकली नव्हती.

आणि तेवढ्यात धप.

मी गिटारला हात लावला नव्हता. पुन्हा धप. खोल, आणि मागे स्प्रिंगची लांब शेपूट. म्हटलं, घ्या! एवढी सुंदर पेटी आणि निघाली दोषी. मी शहाण्यासारखं स्टॉपवॉच लावलं. दोन धपांमध्ये नऊ सेकंद. पुन्हा नऊ. मग अकरा. मग चौदा. वीस मिनिटं मी हे मोजत बसलो. वहीत लिहिलंय, माझ्याच अक्षरात: "तिसरी. आपोआप ठोके. अंतर वाढत जातं. स्प्रिंग सैल होत असावी." मग कंटाळून पेटीखाली जाड स्पंज घातला. ठोके बंद झाले. लिहिलं, "स्पंजाने दोष गेला." आणि वर चहा करून प्यायलो.

बायको आली ती थेट पलीकडे गेली. मास्तर खाट आणि कपाटाच्या मधल्या जागेत पडले होते. वाचा आणि डावी बाजू दोन्ही गेली असणार. उजवा पाय तेवढा मोकळा होता.

डॉक्टर म्हणाले, क्षणात सगळं संपलं, त्रास झाला नाही. डॉक्टर असं म्हणतात. बायकोने मला एकदाच विचारलं, "तुला काहीच ऐकू नाही आलं?" मी म्हणालो, "कानाला हेडफोन होते गं." यात खोटं काय आहे? एक अक्षर खोटं नाही.

महिनाभर मी स्वतःला एकच सांगत होतो: कशावरून ते मास्तर होते? पेटी खरंच दोषी असेल. स्प्रिंग सैल असेल. तसं असेल तर मी फक्त एक खराब पेटी तपासत बसलो होतो, आणि पलीकडे मास्तर क्षणात गेले. तसं नसेल, तर मी माझ्या मास्तरांना वीस मिनिटं घड्याळ लावून ऐकलं आणि मग त्यांच्या तोंडात बोळा कोंबला.

म्हणून लाटवाल्याच्या फोननंतर, दुपारी मी तिसरी पेटी पुन्हा लावली. खोटं कशाला बोलू, मनात एकच होतं. पेटीबाई, एकदा आपोआप ठोका दे. एकदा दे, म्हणजे मी सुटलो.

पेटी स्पंजावरच होती, मी हलवली नव्हती. हेडफोन चढवले. काही नाही. नुसती खरखर. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गिटारची वायर उपटून काढली, म्हणजे आता आत काही जाणंच शक्य नाही. डोळे मिटून बसून राहिलो.

धप.

मी स्टॉपवॉच दाबलं. नऊ सेकंद. धप. पुन्हा नऊ. धप.

काय सांगू, माझा जीव भांड्यात पडला! दोष आहे! पेटीतच दोष आहे! स्पंजावर ठेवूनही वाजते, गिटार नसतानाही वाजते, म्हणजे जमिनीचा संबंधच नाही. मला हसूच फुटलं. हेडफोन काढून टेबलावर टाकले आणि बायकोला सांगायला पळालो. काय सांगणार होतो ते मलाही माहीत नव्हतं. काहीतरी चांगलं सांगणार होतो.

ती स्वयंपाकघरात नव्हती. मास्तरांच्या खोलीत होती. खाट आणि कपाटाच्या मध्ये, जमिनीवर, भिंतीला टेकून बसली होती, उजवा पाय लांब करून. पायात काही नव्हतं.

माझं हसू तिथेच विझलं. म्हणजे हीच ठोकत होती तर.

"तूच ठोकत होतीस होय?" मी म्हणालो.

"मी?" ती म्हणाली. "मी आत्ता येऊन बसतेय. अजून सुरूच केलं नाही."

मी दाराची चौकट धरली.

"बस जरा," ती म्हणाली. "नको, उभाच राहा. मी महिनाभर मनात ठेवलंय. बाबांची उजवी टाच काळीनिळी झाली होती. सुजली होती. मी मोजा चढवला म्हणून कुणाला दिसली नाही. क्षणात गेलेल्या माणसाची टाच अशी होते का रे?"

मी तिच्या अनवाणी टाचेकडे बघितलं.

"त्यांनी ठोकलं असणार. मला एवढंच कळायला हवं, की ते कुणापर्यंत पोचलं का. तू बाकाशी जा. त्या दिवशी लावलं होतंस तसं सगळं लाव. मी ठोकते. ऐकू आलं तर आलं म्हण, नाही तर नाही म्हण. नाही आलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही, शप्पथ."

मी परत येऊन बाकाशी बसलो. हेडफोन लावले. आणि माझ्या लक्षात आलं की मला काहीच करायचं नाहीये. पेटी स्पंजावर आहे. तिच्या टाचेचा आवाज यात येणारच नाही. मी "नाही आलं" म्हणेन, ते खरं असेल, ती विश्वास ठेवेल आणि दोघंही झोपू लागू. इतकं सोपं होतं ते.

पलीकडे तिने सुरू केलं. मला कळलं, कारण बाकावरचे स्क्रू ताटलीत खुळखुळताना दिसले. हेडफोनमध्ये तिचा ठोका नव्हता. पण दुसरा होता. धप. स्क्रू हलत नव्हते तेव्हा धप. नऊ सेकंदांनी, अगदी धीराने. मास्तर मला सोल्डर धरायला शिकवायचे तेव्हा असेच थांबायचे. एकदा सांगायचे, थांबायचे, पुन्हा सांगायचे. कधी ओरडले नाहीत.

मला रडू आलं. मोठ्याने आलं. मी दोन्ही हातांनी पेटी उचलली, स्पंज ओढून काढला आणि पेटी नुसत्या लाकडावर ठेवली.

लगेच तिचा ठोका कानात घुसला. साफ. टाचेचं हाडसुद्धा ऐकू यावं इतका साफ. आणि दोन ठोक्यांच्या मध्ये तो दुसरा, जुना.

"आलं!" मी ओरडलो. "ऐकू आलं!"

तिचा ठोका थांबला. फळ्यांवर तिची पावलं वाजली, ती पेटीतून मला आधी ऐकू आली, मग ती दारात दिसली.

"त्या दिवशी?" तिने विचारलं.

"त्या दिवशीही आलं होतं."

"मग आला का नाहीस?"

"मला वाटलं, स्प्रिंग बिघडलीय."

तिने ते ऐकून घेतलं. दुसरं कुणी असतं तर त्याला हे वेड्याचं बोलणं वाटलं असतं. तिला नाही वाटलं. ती याच बाकाखाली वाढली होती.

"मग काय केलंस?"

"खाली स्पंज घातला."

तिने तोंडावर हात दाबला. माझ्याकडे बघितलं नाही, स्पंजाकडे बघितलं. मला वाटलं, आता ही मला मारेल. मारावं, असंही वाटलं. तेवढ्यात मी गळ्यात सोडलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज झाला. आम्ही दोघंही उभे होतो. कुणाचाही पाय हलला नव्हता.

तिने पुढे होऊन हेडफोनची वायर उपटली. आवाज स्पीकरवर आला आणि अख्ख्या खोलीत भरला. धप. मागे ती लांब शेपूट. तिचा चेहरा एकदम लहान मुलीचा झाला. ती बाकाशी वाकली, तोंड पत्र्याच्या अगदी जवळ नेलं, आणि रोज पलीकडून हाक आली की जसं म्हणायची तसंच म्हणाली,

"आले, बाबा. आले हं."

तिचा आवाज स्प्रिंगांतून फिरून खोलीभर पसरला आणि हळूहळू विरला. मग खरखर. मी सवयीने घड्याळाकडे बघितलं. नऊ सेकंद गेले. वीस गेले. मिनिट गेलं. पुढचा ठोका आला नाही.

एक शब्द. एवढंच हवं होतं त्यांना. तो मला म्हणता आला असता. चहा करायला उठलो तेव्हा तरी.

ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मी पाठीवर हात ठेवायला गेलो तर तिने खांदा काढून घेतला. मग उठली, पेटीचा स्विच बंद केला आणि वही माझ्यापुढे सरकवली. तिला त्या पानावर काय लिहिलंय ते दिसलं. अकरा, चौदा, सगळं दिसलं.

"हे खोडून टाक," ती म्हणाली. "पेटी चांगली आहे. तिघींत हीच चांगली आहे. तसं कळव त्याला. पेटीत काही दोष नाही."

मी पेन उचललं आणि तिच्यासमोर तसं लिहिलं.