एका आवाजाला दोन कुलपं

फोटोवाल्याच्या कॉम्प्युटरला कुणीतरी लांबून कुलूप घातलं आणि कुलूपवाल्याच्या पायाला भिंगरी लागली.

तसा तो जन्माचाच अस्वस्थ. जेवायला बसला की मध्येच उठून दाराची कडी बघून येणार. कुणाकडे पाहुणा गेला तर चहा येईपर्यंत त्यांच्या कपाटाची मूठ हलवून बघणार. बायको पहिल्यापासून एकच वाक्य म्हणत आली होती, "अहो, बसा हो एका जागी!" आणि तो बसायचा, तेवढ्यापुरता. फोटोवाल्याचं प्रकरण झालं आणि तेवढ्यापुरतं बसणंही संपलं.

फोटोवाला म्हणजे शेजारचा दुकानदार. एका सकाळी तो पांढराफटक चेहरा घेऊन धावत आला. लोकांच्या लग्नांचे, पोराबाळांचे, गेलेल्या माणसांचे सगळे फोटो कॉम्प्युटरमध्ये दिसत होते, पण एकही उघडत नव्हता. पडद्यावर धमकी होती: खंडणी द्या, मग किल्ली देतो. किल्ली हा शब्द ऐकून कुलूपवाला हत्यारांची पेटी घेऊनच गेला. चष्मा पुसला, पडद्यापुढे वाकला आणि वाकलेलाच राहिला. या कुलपाला भोकच नव्हतं! पेटी न उघडता तो तडक घरी आला, कारण त्याच्या घरच्या जुन्या लॅपटॉपमध्ये फोटोंपेक्षा मोलाची वस्तू होती. त्यात त्याच्या बायकोचा आवाज होता.

बायको बसस्थानकावर उद्घोषिका. कोणती बस कोणत्या फलाटावर लागेल ते ती सांगायची आणि अख्खं शहर तिच्यावर विश्वास ठेवून सामानसुमानासकट पळत सुटायचं. त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. तारीख ठरली. मग कुलूपवाल्याच्या भाचीनं एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. ती एका ऑफिसात असलीच कामं करायची. पडद्यावरचं बटण दाबलं की मामीच्या आवाजात शब्द ऐकू यावेत, एवढाच तो प्रोग्रॅम. मामी रोज सकाळी, आवाज ताजा असताना, माइकपुढे बसायची आणि शब्द भरून ठेवायची. पाणी. औषध. दुखतंय. भाजी संपली आहे.

आता सवय ती सवय. माइक दिसला की तिची मान ताठ व्हायची आणि आवाज बसस्थानकाचा व्हायचा. "पाणी हवं आहे" हे तिनं असं म्हटलं, की पाणी आता चार नंबरच्या फलाटावरून सुटणार असं वाटावं. भाची खो खो हसली. कुलूपवाला मात्र ऐकून फुलून गेला. शहरानं फुकट ऐकलेला आवाज आता त्याच्या घरात, त्याच्या टेबलावर होता.

"मामा, याची एक कॉपी माझ्याकडे घेतली आहे, एक पेनड्राइव्हवर ठेवते," भाची तेव्हा म्हणाली होती.

"नक्कल?" कुलूपवाला खुर्चीवरून उठलाच. "अगं, चोरी झालेल्या घरी मला बोलावतात ना, तिथं दार फोडलेलं क्वचित दिसतं. कधीतरी कुणालातरी जादा किल्ली करून दिलेली असते, तिनंच घर साफ होतं. उद्या मामीच्या आवाजात कुणी भलत्यालाच फोन केला म्हणजे? एकच ठेव, इथंच ठेव. कुलपाचं मी बघतो."

भाचीनं परोपरीनं समजावलं. शेवटी मामीच म्हणाली, "पूस बाई तुझ्याकडची. नाहीतर हे मला ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा तेच विचारत बसतील." भाचीनं नाइलाजानं पुसली, आणि कुलूपवाल्यानं ती पुसलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

हे सगळं आधीचं. आता शेजारच्याचीच ही गत पाहिल्यावर कुलपाचं खरंच बघणं आलं, म्हणजे अँटिव्हायरस निवडणं आलं. कुलूपवाल्यानं सगळ्यांना भंडावून सोडलं. किल्ली घासता घासता तो गिऱ्हाइकाला विचारायचा, "तुमच्याकडे कोणतं अँटिव्हायरस?" औषधाच्या दुकानात, बँकेत, केस कापताना, जिथं कॉम्प्युटर दिसेल तिथं मान वाकडी करून पडद्याच्या कोपऱ्यातलं चित्र बघायचा. इंग्रजी नावं त्याच्या जिभेवर टिकत नसत, म्हणून त्यानं चित्रांवरून नावं पाडली. एक ढाल, एक घुबड, एक शिपाई.

तिन्ही त्यानं चाचणीपुरती घेऊन पाहिली. ढाल कामाला चोख, पण ती जागी झाली की लॅपटॉप असा धापा टाकायचा, की त्यालाच गोळी द्यावीशी वाटावी. घुबड हलकं, पण भारी संशयी. साधी फाइल उघडली तरी विचारणार, हे ओळखीचं आहे का? शिपाई फुकट होता आणि पहारा सोडून स्वतःचीच जाहिरात करत होता. त्याला कुलूपवाल्यानं त्याच दिवशी नारळ दिला. तुलनेचे तक्तेही त्यानं वाचले. ज्या कंपनीचा तक्ता, तिच्याच रकान्यात सगळ्या बरोबरच्या खुणा. "हे म्हणजे कुलूप बनवणारानंच मीठ-मसाला लावून सांगावं, की माझं कुलूप फुटत नाही," तो चिडून म्हणायचा आणि पुढचा तक्ता उघडायचा.

"मामा, कोणतंही एक चांगलं घे, वेळच्या वेळी अपडेट कर आणि मुख्य म्हणजे कॉपी ठेव," भाची म्हणाली. त्यातला शेवटचा भाग याच्या कानांनी सोयीस्करपणे गाळला.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवून सगळं समजावलं. कुठं चिरायचं, श्वास कुठून घ्यायचा, किती दिवस नळीनं अन्न. मग ते शांतपणे म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय?"

कुलूपवाल्यानं खुर्ची पुढे सरकवली. "तुमच्या या कॉम्प्युटरला ढाल आहे की घुबड?"

डॉक्टर बघतच राहिले. बायकोनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला आणि बाहेर आल्यावर जिना उतरेपर्यंत हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि आवाज फाटला. कुलूपवाला कठड्याला धरून उभा राहिला. तो घाबरला होता, दुसरं काही नाही. गाठीबद्दल विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि ते ऐकायची त्याची छाती नव्हती. घुबडाबद्दल कितीही ऐकता येत होतं.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दुपारी बायको आतल्या खोलीत पडली होती आणि हा लॅपटॉपसमोर येरझाऱ्या घालत होता. ढाल की घुबड? पेचात पडलेल्या गिऱ्हाइकाला तो दुकानात नेहमी सांगायचा, दोन्ही कुलपं लावा, एक वर, एक खाली. तेच त्यानं केलं. दोन्ही एकाच लॅपटॉपवर चढवली, दोन्ही जागी ठेवली आणि दोन्हींच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यांत कडक पहाऱ्यावर खूण केली. भाचीनं त्याला सगळं सांगितलं होतं, एवढं करू नको म्हणून सांगायचं राहिलं होतं. कुणी असं करेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला. घुबडानं ढालीला चोर ठरवलं. ढालीनं घुबडाला. "अरे, तुम्ही दोघं आपलेच!" असं पुटपुटत कुलूपवाला बटणं दाबत राहिला. तेवढ्यात घुबड नवीनच बोललं: एक अनोळखी प्रोग्रॅम तुमचा माइक ऐकतो आहे, काढून टाकू?

कुलूपवाल्याचं डोकं सणकलं. माझ्या घरात बसून माझ्या बायकोचं बोलणं चोरून ऐकतोस? प्रोग्रॅमचं नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं, त्याच्या बापालाही कळली नसती. त्यानं 'हो' दाबलं. लगेच ढालीनं विचारलं: हीच वस्तू मलाही सापडली, कायमची नष्ट करू? दोन वेगळ्या पहारेकऱ्यांची साक्ष जुळली, आता कसली शंका! त्यानं पुन्हा 'हो' दाबलं, आणि कित्येक दिवसांनी खुर्चीत टेकून शांतपणे पाणी प्याला.

मग त्याला वाटलं, जरा तिचा आवाज ऐकू या. बटणं गेली होती. पडद्यावर जिथं ती होती तिथं नुसती निळी पाटी होती.

फोनवर त्याला धड बोलताही येईना. भाची ऑफिसातून तशीच आली. तिनं लॅपटॉप पुढे ओढला, बराच वेळ खटपट केली, शेवटी हात मांडीवर ठेवले. "शब्द सगळे प्रोग्रॅमच्या पोटातच होते, मामा. एकानं नुसतं डांबून ठेवलं असतं तर मी सोडवून आणलं असतं. दुसऱ्यानं ते पुसलं, आणि तुझ्या कडक पहाऱ्यानं मागचा मागमूसही ठेवला नाही." ती रडवेली झाली. "मी तरी तुझं का ऐकलं? मामीला मी सांगू?"

"नको," कुलूपवाला म्हणाला. "मी सांगतो."

सांगतो म्हणणं सोपं होतं. आत जाऊन त्यानं खिडकी लावली. मग उघडली. पलंगाच्या या बाजूनं त्या बाजूला गेला, उशीचा अभ्रा सारखा केला, बॅगेची चेन ओढून पाहिली. बायको पडल्या पडल्या बघत होती.

"काय मोडलंत?" तिनं विचारलं. आवाज आता रोज दुपारपर्यंतच पुरायचा. त्यात खरखर होती.

त्यानं सांगितलं. ढाल, घुबड, दोन्ही वेळचं 'हो', सगळं सांगितलं, आणि उभ्याउभ्याच त्याचे डोळे भरून आले. "तुझा आवाज सांभाळायला गेलो आणि माझ्याच हातानं पुसला गं."

दारात भाची पदरासारखी ओढणी तोंडाशी धरून उभी होती. बायको उठून बसली, तिनं पाय खाली सोडले आणि भाचीला म्हणाली, "माइक आण."

"मामी, आज नको. घसा बघ तुझा."

"आण म्हणते ना!"

माइक आला, भाचीनं रेकॉर्डिंग सुरू केलं. पण या खेपेला तिची मान ताठ झाली नाही. तिनं माइककडे पाहिलंही नाही, नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्याला असं फैलावर घेतलं की भाची दोन पावलं मागे सरली.

"अहो कुलूपवाले! ज्यातलं कळत नाही त्यात बोटं घालू नका म्हणून किती वेळा सांगितलं? पोरगी हात जोडून सांगत होती, कॉपी ठेव, कॉपी ठेव. ऐकलंत? कान आहेत की किल्ल्या अडकवायच्या खुंट्या? माझा आवाज काय तिजोरीत ठेवायचा दागिना आहे? जन्मभर गावाला वाटला मी! गोळी घेतली का रक्तदाबाची? घेतली म्हणू नका, खोटं बोललात की कानाची पाळी लाल होते तुमची. स्वेटर घाला. दार लागलंय, तुम्ही तीनदा बघितलंय, आता चौथ्यांदा उठलात तर याद राखा. चेहरा असा करू नका, मी काही मरत नाहीये. अहो, बसा हो एका जागी!"

कुलूपवाला मटकन खाली बसला, जमिनीवरच. तिला धाप लागली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि सगळा राग उतरून मागे जे उरलं त्या आवाजात म्हणाली, "या. इथं जवळ या."

त्यापुढे नुसती हवा आली.

"मामी," भाची हळूच म्हणाली, "पाणी, औषध, ते शब्द राहिले. थोडं थांबून घेऊ या?"

मामीनं नकारार्थी मान हलवली. ओठ हलवून, आवाजाशिवाय, तिनं सांगितलं ते भाचीला कळलं: पाण्यासाठी हातानं खूण केली तरी चालते.

दुसऱ्या दिवशी बायको दाखल झाली, आणि कुलूपवाला त्या बोलण्याच्या नकला वाटत सुटला. भाचीकडे एक, बहिणीकडे एक, पेनड्राइव्हवर एक. फोटोवाल्यालाही दिली, आणि त्यानं "शिव्या कशाला जपून ठेवायच्या?" असं विचारल्यावर कुलूपवाल्यानं आणखी एक त्याच्या हातावर ठेवली. लॅपटॉपवर आता एकटं घुबड होतं. ढालीला रजा मिळाली होती.

ऑपरेशन पार पडलं. गाठ गेली, आवाज गेला, बायको राहिली. गळ्याभोवती पांढरं बँडेज, नाकात नळी, मांडीवर भाचीनं दिलेला टॅब. भाचीनं त्या दुपारच्या बोलण्याचे तुकडे करून त्यावर बटणं लावली होती. कुलूपवाल्याला भेटायला आत सोडलं तेव्हा ती डोळे मिटून होती. तो क्षणभर स्टुलावर टेकला आणि उठला. तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून त्यानं कॉटशेजारच्या छोट्या कपाटाचं दार उघडून पाहिलं. बिजागरी सैल होती. नर्स म्हणाली, "काका, बसा ना," तरी तो खिडकीशी गेला. खिडकीची कडी नीट बसत नव्हती. तो ती खाली-वर करत राहिला, पाठ खोलीकडे करून, डोळे पुसायलाही हात मोकळा न ठेवता.

"अहो, बसा हो एका जागी!"

तो सवयीनं "बसतो, बसतो" म्हणाला, आणि मग त्याचा हात कडीवरच थांबला. बसस्थानकाला हा आवाज कधी ठाऊकच नव्हता. हा घरातला होता, त्याच्या एकट्याच्या वाट्याचा, आणि तो जपायचं त्याला कधी सुचलंही नव्हतं.

तो वळला. तिचे डोळे उघडे होते आणि बोट टॅबवर होतं. तिनं बोट जरा सरकवलं आणि पुन्हा दाबलं.

"या. इथं जवळ या."

कुलूपवाल्यानं कडी तशीच अर्धी सोडली, स्टूल कॉटला चिकटेपर्यंत ओढलं आणि बसला.