चौथं दार

मामीची अट सोपी होती. चारही दारांना लोहचुंबक चिकटलं तर गाडी राहील. एकावरून जरी पडलं, तर त्याच दुपारी भंगारवाला. गंजलेला पत्रा बुजवायच्या पुट्टीला लोहचुंबक चिकटत नाही, हे ज्ञान तिला भाचीनेच दिलं होतं. त्या दिवसापासून मामा भाचीला ‘फितूर शास्त्रज्ञ’ म्हणत होता.

सव्वीस वर्षांची ती गाडी म्हणजे मामाचा जीव की प्राण. टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक घेऊन मामी खाली उतरली. पहिलं दार, चिकटलं. दुसरं, तिसरं, चिकटलं. चौथं दार मामीच्याच सीटचं. तिथे खालच्या कडेला मामाने गंज न खरवडताच पुट्टी थापून रंग मारला होता, हे भाचीला ठाऊक होतं. तिने डोळे मिटले.

खट्ट!

लोहचुंबक पुट्टीवर घट्ट बसलं होतं. मामा आकाशातले पक्षी बघत होता.

“अस्सल पत्रा!” तो म्हणाला.

मामीने ओढलं. निघेना. “अहो, बाकी तिघांनी गुपचूप सोडलं. हेच दार एवढं लाघवी कसं?”

तिने दोन्ही हातांनी हिसडा दिला. लोहचुंबकासकट पुट्टीचा पोपडा हातात आला, दाराच्या पोटात काहीतरी धप्पकन पडलं आणि वाटीएवढं भोक उघडं पडलं.

“स्पीकरचं लोहचुंबक,” भाची पुटपुटली. “आतून लावलं होतं.”

“घरभेदी!” मामा ओरडला.

मामीने फोन काढला.

“थांब मामी, याच दाराला गंज का, ते तरी बघू दे.” दारात शिरलेलं पाणी तळाच्या बारीक भोकांतून निघून जायला हवं; इथे ते साचलं कसं, हे भाचीला कधीचं खुपत होतं. आतलं आवरण काढून तिने हात घातला. लोहचुंबकाआधी हाती आला तळाची भोकं बुजवून बसलेला ओला लगदा. चॉकलेटचे कागद, चाळीसेक तरी. काचेच्या फटीतून आत ढकललेले.

त्या सीटवर फक्त मामी बसायची. डॉक्टरांनी गोड बंद केलेली मामी.

मामाचे पक्षी संपले. “अगं, तुझी शुगर का उतरत नाही, याचा शोध लागला बहुतेक.”

मामीने फोन पिशवीत टाकला. “मी काय म्हणते, सडका पत्रा कापून नवा जोडून घ्या. प्रायमर मारा, पुन्हा गंजू नये म्हणून आतून मेण फवारा, ही सांगते तसं.”

“आणि भोकं?” भाचीने विचारलं.

“भोकं उघडी ठेवा. तोंडं बंद.”

मामाने लाचेसाठी हात पुढे केला. मामीने पिशवीतली शेवटची दोन चॉकलेटं दोघांना दिली. कागद मात्र भाचीने मोजून ताब्यात घेतले.