इस्तू आणायला गेलेली विठाबाई

फसली तेराशे पन्नास साली तेर गावच्या म्हाताऱ्या माणसांचं एकटेपण सरकारी हुकमाने दूर करायचं ठरलं. ठरलं उस्मानाबादला. तेरच्या म्हाताऱ्यांना ते दवंडीतून कळलं.

विठाबाईचा नवरा वारलेला, दोन्ही मुलगे सोलापूरच्या गिरणीत. रोज सकाळी ती फुटक्या मडक्याचं खापर घेऊन समोरच्या अजीजाबीकडे चुलीसाठी इस्तू आणायला जायची. अजीजाबीही एकटीच. ती रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायची, ते सकाळपर्यंत जिवंत राहायचे. निखारे झाकणं विठाबाईलाही येत होतं. ती झाकत नसे. खापरात इस्तू पडल्यावरही तिचा पाय निघत नसे, आणि घरी पोचेपर्यंत तो बहुधा विझलेला असे. मग परत जावं लागे.

पोलीस पाटील महारुद्रराव यांना ही गल्लीतून फिरणारी खापरं खुपत होती. कडब्याच्या गंजींना आग लागायची धास्ती होती. शिवाय म्हातारी माणसं दारोदार विस्तव मागताना जिल्ह्याच्या साहेबांच्या दृष्टीला पडली तर गावाची अब्रू जायची. एकटेपणाच्या हुकमाबरोबर पाटलांनी आपलंही एक कलम जोडलं. प्रत्येक म्हाताऱ्याला आगपेटी मिळाली आणि खापरातून इस्तू नेण्यास मनाई झाली.

"मला काडी वढता येत न्हाय," विठाबाई म्हणाली.

पाटील स्वतः तिच्या घरी आले आणि त्यांनी पहिल्याच काडीत चूल पेटवून दाखवली. "झालं का नाही, मावशी? आता कुणाच्या दारात जायला नको."

"व्हय. तेच तर म्हनते म्या."

पाटलांना हे आभार वाटले.

त्या गल्लीत काम नसताना दुसरीच्या चुलीपाशी जाऊन बसायची रीत नव्हती. खापर हे काम होतं. विठाबाईने आगपेटी रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी खापर घेऊन निघाली. कोपऱ्यावर बसवलेल्या पाटलांच्या माणसाने तिला परत फिरवलं. पुढचे कितीतरी दिवस ती दारातून अजीजाबीच्या धुराड्याकडे बघत बसली आणि शेजारून आलेली कोरडी भाकर खात राहिली.

गुरुवारी मात्र हुकमाप्रमाणे म्हाताऱ्यांच्या मेळ्याला चावडीत जावं लागे. पुरुषांसमोर बसायला नको म्हणून अजीजाबी तिथे येत नसे. पाटलांनी सगळ्यांना ओळीने बसवलं आणि मनमोकळं बोलायला सांगितलं. सरकारी साऱ्याविषयी बोलायचं नव्हतं, हैदराबादच्या बातम्या काढायच्या नव्हत्या. सुनांच्या तक्रारी आल्यामुळे सुनांचा विषयही बंद होता.

"मग ऱ्हायलं काय?" धोंडीबाने विचारलं.

"हवापाणी."

धोंडीबाने विचार केला. "हवा बरी हाय."

"व्हय," सिताबाई म्हणाली. तो गुरुवार तिथेच संपला.

हिवाळा सरता सरता जिल्ह्याचे साहेब मेळा बघायला आले. म्हातारी माणसं ओळीने गप्प बसली होती. साहेबांना ही शिस्त आवडली. त्यांनी चहा मागितला.

चावडीमागे चूल मांडलेली होती, पण पाटलांची पेटी रिकामी निघाली. पाटील हसले. इथे तर घरोघर पेटी होती, आणि मेळ्याला ती आणायचा दंडक होता. त्यांनी विठाबाईची पेटी घेतली. काडीचं डोकं गळून पडलं. सिताबाईची पेटीही ओली होती. लिंबाजीच्या पेटीत तपकीर होती. धोंडीबाची शेळीने खाल्ली होती, असं धोंडीबा म्हणाला.

पाटील सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. कोणी मान वर केली नाही.

"अजीजाबीकडं इस्तू आसंल," विठाबाई म्हणाली. "आनू का?"

साहेबांना चहा हवा होता. पाटलांनी मान डोलावली. सत्तरीची विठाबाई ज्या चालीने गेली, ती चाल पाटलांनी पूर्वी कधी पाहिली नव्हती.

ती परत येईना. शेवटी पाटील बघायला गेले. दारातूनच हसणं ऐकू येत होतं. चुलीपाशी दोघी बसल्या होत्या आणि मध्ये खापरात नुसती राख होती.

"निघालेच व्हते," विठाबाई म्हणाली.

"बैठो पाटील, दुसरा देती," अजीजाबी म्हणाली. "निखारा फुलना तो चाहिये. तबतक पान खाव."

पाटलांना बसावं लागलं.

बऱ्याच वेळाने साहेबांना रस्त्यावरून येणारे पाटील दिसले. हातात खापर होतं, ते फुंकर घालत चालले होते. विठाबाई बरोबर नव्हती.

"मनाई केली ती याचीच का?" साहेबांनी विचारलं.

"याचीच, साहेब."

ओळीत कोणीतरी खोकलं. मग धोंडीबा सिताबाईकडे वळून पाटलांच्या फुंकरीविषयी काही बोलला आणि सगळी चावडी एकदम बोलू लागली. मेळा रंगला, असा शेरा मारून साहेब गेले.

दुसऱ्या सकाळी विठाबाई खापर घेऊन निघाली. कोपऱ्यावर पाटलांचा माणूस होताच.

"लवकर या, मावशी," एवढंच तो म्हणाला.

"ही आले," म्हणून ती गेली, ती उन्हं डोक्यावर आल्यावर परतली. इस्तू विझला होता.