मनगटाचे तीन वेढे

मी एक जुना कासरा आहे, बैलाला धरून चालवायचा दोर. मूळची लांबी नऊ फूट, पेड तीन, गाठी दोन. भिसेगावातल्या आमच्या गोठ्यात खुंट्या चार, बैल शून्य, कुत्रा एक.

मित्रांनो, सहदेवआबांनी मला अंबाडीच्या वाखापासून स्वतःच्या मांडीवर वळलं. अकरा वर्षं मी त्यांच्या पाखऱ्या बैलाला धरून ठेवलं. "कासरा असावा तर असा," असं लोक म्हणत, तेव्हा मी आणखी ताठ होई. पुढे बैल विकला गेला आणि मी खुंटीवर धूळ खात राहिलो. मग घरात कुत्र्याचं पिल्लू आलं. आबांनी त्याचंही नाव पाखऱ्याच ठेवलं आणि मला खाली उतरवलं.

चूक तिथेच झाली. बैल धरत तसेच ते मनगटाला माझे तीन वेढे घेत आणि उरलेला सगळा दोर कुत्र्याला मोकळा सोडत.

चिकनच्या दुकानामागे मोकाट कुत्री असत. एका सकाळी त्यातली पाच अंगावर आली. पाखऱ्या घाबरून आबांभोवती गरागरा फिरला. मी त्यांच्या पायांत गुंडाळलो आणि ते पडले. पाखऱ्या ओढत होता, मी मनगटावर आवळत होतो. मला सैल व्हायचं होतं. पण ओढलं की आवळायचं, एवढंच मला येतं.

"भाऊ, सोडा त्याला!" शेजारची सुंदरा ओरडली.

"कसा सोडू गं? वेढं निघत नाय!"

सुंदराने भाजीची पाटी मध्ये आडवी धरली, तेव्हा कुठे कुत्री मागे सरली.

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

"आता फिरणं बंद, आबा," नात सुप्रिया म्हणाली.

"मग मलाबी बांध खुंटीला."

बी.एस्सी. झालेली पोर, दुसऱ्या दिवशी मोजायची टेप घेऊन आली. "दोर आखूड हवा. हातात धरायचा, गुंडाळायचा नाही. कुत्री दिसली की पळायचं नाही, ओरडायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. पाखऱ्या मागे, हातातली पिशवी ढालीसारखी पुढे, आणि हळूहळू बाजूने निघायचं."

"बैलाला कदी एवढं शिकवलं नव्हतं मी."

"बैल ऐकायचा, आबा. तुम्ही ऐकाल का? पुन्हा वेढा दिसला, तर उद्यापासून मीच नेणार त्याला."

आबांनी मला बराच वेळ बोटांनी चाचपलं. मग स्वतःच विळा पुढे केला. माझे पाच फूट खाली पडले.

मित्रांनो, तुमच्या लाडक्या जनावराचा दोर हातात धरा, हाताला बांधू नका. आमची पकड कुठे थांबायची, हे आम्हाला कळत नाही.

आज प्लास्टरनंतर आबा पाखऱ्याला घेऊन पहिल्यांदा बाहेर पडले. सुप्रिया मागून येत होती. दुकानामागची कुत्री उठली. सवयीने आबांचं मनगट वळलं, अर्धा वेढा पडला.

मनगट उलटं फिरलं.

कुत्री पाच. सगळ्यांत जवळचं आठ पावलांवर. दुकान मागे पडायला लागलेला वेळ, दोन मिनिटं दहा सेकंद. मनगटावर वेढे, शून्य.