घटनेचा दिनांक

"हात पुढे करा," नर्सबाई म्हणाल्या.

पत्रा कापायची प्रेस चालवणाऱ्या कामगाराने दोन्ही हात पुढे केले. बोटं लटलट कापत होती. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायला पंधरा मिनिटं होती.

"सकाळी घेतली?"

"घेतली असती तर कापले नसते, बाई. आज मला प्रेसवर उभं करू नका. बोटं जातील."

कारखान्याच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढलेल्या नर्सबाईंना पिणाऱ्यांची मनस्वी चीड होती. नवरा त्यातच गेला होता. पिणाऱ्यांच्या शपथा, त्यांचं रडणं, सगळं बाईंना तोंडपाठ. पण अपघाताआधी आपल्या पायांनी चालत आलेला हा पहिलाच. त्यांनी 'वेळीच मदत' योजनेचा फॉर्म काढला. योजना कारखान्याच्या कामगार कल्याण अधिकाऱ्याची. त्याच्या पोस्टरवर एक कामगार दात काढून हसत होता आणि खाली लिहिलं होतं: समुपदेशकाच्या चार भेटी, व्यसनमुक्ती, नोकरी सुरक्षित. चार भेटींत साधा खोकला जात नाही, असं बाईंचं मत होतं.

फॉर्मचा पहिलाच रकाना 'घटनेचा दिनांक'. बाईंनी अधिकाऱ्याला फोन लावला.

"साहेब, घटना झालेलीच नाही. ती होऊ नये म्हणून तर माणूस आलाय."

"मग योजनेत बसत नाही, बाई. काही झालं की पाठवा."

बाईंनी फोन आदळला. "वेळीच मदत म्हणे! बैल गेला आणि झोपा केला!" त्या प्रेसवाल्याकडे वळल्या. "मशीनवर तोल गेला असं लिहू? आजची तारीख घालते."

"लिहा. पण प्रेसवर परत घेतील ना?"

"पोस्टर वाचलं नाहीत? नोकरी सुरक्षित." फॉर्मच्या मागचे नियम न वाचताच बाईंनी सही ठोकली.

त्याला तात्पुरतं पॅकिंगला बसवलं. चार भेटी झाल्या, संपल्या. तो मात्र रोज भोंग्याआधी दवाखान्यात येऊन हात दाखवायचा. "कापतायत अजून, मोठे आले शपथा घेणारे," असं हिणवून बाई त्याच्यापुढे चहा ठेवायच्या. तिसऱ्या महिन्यात बोटं थांबली. त्याने प्रेससाठी अर्ज केला.

उत्तर आलं: मशीनवर घटना नोंदलेल्या कामगाराला पुन्हा मशीन नाही. नोकरी सुरक्षित. यापुढचं काम: आवार झाडणे.

बाई तरातरा अधिकाऱ्याकडे गेल्या. "ती घटना खोटी आहे. मी लिहिली."

"हे मी ऐकलंच नाही, बाई. खोट्या नोंदीवर दोघंही घरी जाल. आणि योजनेचं पहिलं यश आहे तो! नव्या पोस्टरसाठी फोटो काढलाय त्याचा, प्रेसवर हात ठेवून."

बाईंना त्या अधिकाऱ्याची किळस आली. जिना उतरताना स्वतःचीही आली, जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी प्रेसवाला वेळेवर आला. झाडू त्याने दाराबाहेर टेकवून ठेवला होता.

"मी नियम वाचले नव्हते हो," बाई म्हणाल्या. बावीस वर्षांत त्या कुणापुढे असं बोलल्या नव्हत्या.

"असू द्या, बाई. हे बघा." त्याने हात पुढे केले.

बाईंनी चष्मा लावून बघितलं. एकही बोट हलत नव्हतं. दहाच्या दहा बोटं होती.

भोंगा झाला तसा तो उठला आणि झाडू घेऊन प्रेसच्या शेडकडे गेला.