रिता दंड

"दम धर, बेटा, दम धर." मित्रांनो, जहांगीर वस्तादांचा तो खर्जातला आवाज अजून माझ्या काळजात घुमतो. दगडाला काळीज असतं का, ते मला विचारू नका.

मी एक जुनी नाल आहे. नाल म्हणजे तालमीत उचलायचा जड दगड. उदगीरच्या पाथरवटानं मला काळ्या खडकातून कापलं, मधोमध मूठ कोरली आणि वस्तादांच्या तालमीत आणून ठेवलं. किती जणांचे दंड माझ्या भारानं घडले. पण जीव जडला तो लिंबाजीवर. लेकुरवाळीनं तान्हं उचलावं तसा तो मला उचलायचा. तालुक्याकडून उस्मानाबादच्या सामन्याला जायचं आणि तिथून पोलिसात लागायचं, एवढंच त्याचं स्वप्न. वस्ताद म्हणायचे, "ह्यो खाकी घालतोय बघा."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आड आटले, गुरं बाजाराला गेली. लिंबाजीची आई धुरपताबाई खडी फोडायला जाऊ लागली. सकाळी वस्ताद यायच्या आधी धाकटी बहीण पंचशीला फडक्यात भाकरी बांधून तालमीच्या उंबऱ्याशी यायची.

"दादा, आईनं तुला दिलीय."

"तूच खा. वस्तादांनी मला भाकरी बंद केलीय. अंग जड होतंय म्हनं."

पोर तिथंच बसायची. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची कोरडी भाकरी, पण कण खाली पडू द्यायची नाही. लिंबाजी पाठ फिरवून जोर मारत राहायचा.

वस्तादांची बायको चांदबी त्याला घरची अंडी द्यायची, शेळीचं दूध द्यायची. तरी त्याचा दंड उतरत चालला. मेहनत तीच, पण भरीव गोलाई गेली. वाळल्या शेंगेसारखी कातडी सैल पडली. वस्तादांनी दंड चाचपला.

"भाकरी खातोस ना?"

"हाव, वस्ताद. खातो की."

"मग ह्यो रिता कसा? अरे, दूध-अंडी म्हंजी विटा. भाकरी म्हंजी गवंड्याच्या अंगातली ताकद. गवंडीच उपाशी असंल तर भिंत चढंल का? भाकरीची साखर दंडात बसती, संगं पानी धरून ठिवती, म्हून तो भरतो. भाकरी खाऊनबी उतरला, म्हंजी तू शिंदीची दारू पिऊन राहिलास."

लिंबाजी वळला आणि पुन्हा जोर मारू लागला. पंचशीला उंबऱ्यावरच होती.

निवडीच्या दिवशी त्यानं मला छातीपर्यंत आणलं. तिथून मी वर जाईना. मला वाटलं, आपण कापसाचं बोंड व्हावं. पण दगडाला तेवढंही जमत नाही. मी धपकन मातीत आले.

"शिंदी पिणाऱ्याला माझ्या तालमीत जागा न्हाई," वस्ताद म्हणाले. लिंबाजीनं माझ्यावरची माती पुसली, मला जागेवर ठेवलं आणि तो गेला. खडीवर लागला, तिथलाच झाला.

पुढं लातूर नवा जिल्हा झाला. लोखंडी वजनं आली आणि मी कोपऱ्यात पडले. माझ्या मुठीत कोळ्यानं जाळं विणलं. तालीम बंद करायची ठरली, तेव्हा थकलेल्या वस्तादांनी जुन्या चेल्यांना बोलावलं. लिंबाजी आला. सोबत पंचशीला होती. ती आता सरकारी दवाखान्यात नर्स.

"ह्याला बघा," वस्ताद तरण्या पोरांना म्हणाले, "खाकी अंगावर चढायची, पण गड्याला शिंदी गोड लागली."

पोरं हसली. लिंबाजीही हसला, खाली बघून.

मित्रांनो, मी पडले दगड, मला तिथं बोलता आलं नाही. म्हणून तुम्हाला विनवते. कुणाचं अंग उतरलेलं दिसलं तर नाव ठेवण्याआधी त्याचं ताट बघा. ताट रितं असेल, तर त्यातला घास कुणाकडं गेला तेही बघा.

पंचशीला पुढं आली. पदर मुठीत आवळून म्हणाली, "वस्ताद, दादानं शिंदीचा थेंब घेतला न्हाई. त्याची भाकरी मी खाल्ली. तुम्हीच बंद केली, असं सांगून त्यो मला द्यायचा."

मग ती भावाकडं वळली.

"आन दादा, तुमचं दोघांचं बोलणं मी त्या दिवशी ऐकलं व्हतं. तू लबाड बोलून राहिलास, हे तवाच कळलं मला. तरीबी दुसऱ्या दिवशी मी खाल्लीच. लई भूक लागायची रे."